सारसांची मोजणी

गोंदिया जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. वैनगंगा आणि तिला मिळणारी बाघ नदी यांच्या खोऱ्यातील या प्रदेशात गाव तेथे तलाव, निदान एखादी बोडी तरी असतेच. तलावाची पाळ उतरून खाली आले की धानाच्या बांध्या लागतात. पावसाळ्यात त्या पाण्याने भरल्या म्हणजे तलाव कोठे संपला आणि शेत कोठे सुरू झाले, हे परक्या माणसाला चटकन ओळखता येत नाही. अशा या पाणथळ मुलखात एक पक्षी राहतो. तो उभा राहिला असता त्याची उंची जवळजवळ सहा फूट भरते, म्हणजे पुरत्या वाढलेल्या माणसाएवढी. उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये याच्याहून उंच पक्षी जगात दुसरा नाही. त्याचे नाव सारस.

सारसाचे अंग राखी रंगाचे, पाय लांबसडक व तांबूस असतात. डोके व मानेचा वरचा भाग मात्र लालभडक असतो. सारस सहसा एकटा दिसत नाही. नर आणि मादी जोडीने चरतात, जोडीने उडतात आणि माना उंचावून एकाच वेळी अशी साद घालतात की ती दूरवरच्या शेतापर्यंत ऐकू जाते. एकदा जमलेली जोडी वर्षानुवर्षे टिकते. पारध्याच्या बाणाने क्रौंच पक्ष्यांची जोडी फुटली आणि ते दुःख पाहून वाल्मीकींच्या मुखातून श्लोक निघाला, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. तो क्रौंच म्हणजे सारसच होय, असे कित्येक विद्वान मानतात. मोगल बादशहा जहांगीर यानेही सारसांची एक जोडी पाळली होती. तिला लैला व मजनू अशी नावे देऊन त्याने तिची अंडी, उबवणी व पिले यांची हकीगत आपल्या आत्मचरित्रात बारकाईने लिहून ठेवली आहे. राज्याचा एवढा व्याप सांभाळणाऱ्या बादशहाला पाखरांच्या घरट्याजवळ बसायला सवड मिळाली, याचे नवल वाटते.

उत्तर भारतात, विशेषतः उत्तर प्रदेशात, सारस आजही पुष्कळ आहेत. तो त्या राज्याचा राज्यपक्षीच आहे. महाराष्ट्रात मात्र त्याची स्थिती अगदी निराळी आहे. येथे सारस राहिला आहे तो मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात. शेजारच्या भंडारा आणि चंद्रपूर जिल्ह्यांत एखाददुसरा आढळला तर आढळतो. २००४ च्या सुमारास तर गोंदिया जिल्ह्यात अवघे चारच सारस उरले असल्याचे दिसून आले. चार सारस म्हणजे फार तर दोन जोड्या! एखादी विजेची तार, एखाद्या शेतातले विष आणि एखादी खोडकर पोरांची टोळी, एवढ्याने त्या दोन्ही जोड्या संपल्या असत्या.

वाघ, बिबटे आणि रानगवे यांच्यासाठी याच भागात नवेगाव आणि नागझिरा यांची राखीव जंगले आहेत. मग सारसालाही त्या जंगलात का नेऊन ठेवू नये? याचे उत्तर सारसाच्या राहणीत आहे. त्याला दाट झाडी नको असते. त्याला हवे असते उघडे, उथळ पाणी. तेथे तो पाणवनस्पतींचे कंद उकरतो, बेडूक, किडे व गोगलगायी टिपतो आणि सांडलेले दाणेही वेचतो. पावसाळ्यात तो गवत, लव्हाळे आणि धानाच्या काड्या यांचा मोठा ढीग रचून पाण्याच्या वर घरटे करतो. हे घरटे पुष्कळदा शेतकऱ्याच्या बांधीतच असते. म्हणजे हा पक्षी सरकारच्या जंगलात राहत नसून लोकांच्या शेतात व गावाच्या तलावावर राहतो. वनरक्षक जंगलाच्या फाटकावर पहारा ठेवील. पण हजारो बांध्यांवर कोण पहारा ठेवणार? तो पहारा ज्याची बांधी त्यानेच ठेवायचा असतो.

हे ओळखून गोंदियातील 'सेवा' या संस्थेच्या पक्षिप्रेमींनी गावोगावी जाऊन शेतकऱ्यांशी बोलण्यास आरंभ केला. काम सोपे नव्हते. रोवणी नुकतीच झालेली असते आणि तेवढ्यात सारसांची जोडी उभे पऱ्हे उपटून त्यावर घरटे रचते. ज्याचे पोट त्या धानावर आहे त्याला राग आला तर त्याला दोष कसा द्यावा? तथापि बहुतेकांना एक गोष्ट पटत गेली: घरटे फार तर एका कोपऱ्यातली जागा अडवते आणि तीही दोन-तीन महिनेच. मादी बहुधा दोन अंडी घालते. नर व मादी आळीपाळीने ती उबवतात आणि सुमारे महिन्याभराने पिले बाहेर येतात. तेवढ्या काळात घरट्याजवळ निंदणीसाठी न जाणे, तेथे कीटकनाशक न फवारणे, कुत्र्यांना व अंडी पळवणाऱ्यांना दूर ठेवणे एवढे शेतकऱ्याने केले की पुष्कळ झाले. असे करणाऱ्यांना 'सारसमित्र' म्हणतात. त्यांत शेतकरी आहेत, शाळेचे विद्यार्थी आहेत आणि तलावावर मासेमारी करणारे ढीवरही आहेत.

परंतु सारस वाढत आहेत की घटत आहेत, हे कळणार कसे? त्यासाठी मोजणी करावी लागते आणि ती दर वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी, बहुधा जून महिन्यात होते. पाऊस पडला की सारस बांध्याबांध्यांत विखुरतात आणि वाढत्या धानात दिसेनासे होतात. जूनमध्ये मात्र शेते रिकामी असतात. लहान बोड्या आटून गेलेल्या असतात आणि पाणी उरलेले असते ते थोड्या मोठ्या तलावांत व नदीच्या डोहांत. सारस साहजिकच तेथे गोळा होतात. परसवाडा आणि झिलमिली या तलावांची नावे जिल्ह्यातील पक्षिप्रेमींच्या तोंडी नेहमी असतात, ती यामुळेच.

मोजणीसाठी स्वयंसेवकांची अनेक पथके पाडतात. वनखात्याचे कर्मचारी, 'सेवा'चे सभासद, गावातील सारसमित्र व महाविद्यालयांतील तरुण मिळून एकेक पथक होते आणि प्रत्येकाला आपापली ठिकाणे नेमून दिलेली असतात. रात्री सारस उथळ पाण्यात उभे राहून विसावा घेतात. त्यामुळे कोल्हा-कुत्रा जवळ आला तर पाण्याच्या आवाजाने ते लगेच सावध होतात. पहाट झाली की ते चरायला उडून जातात. म्हणून मोजणाऱ्यांना त्यांच्या आधी तेथे पोचावे लागते. अंधार असतानाच सायकल किंवा मोटारसायकल दूर ठेवून माणसे पाळीच्या आडोशाला जाऊन बसतात. अंगावर भडक रंगाचे कपडे चालत नाहीत, बोलणे चालत नाही आणि विडी शिलगावणे तर मुळीच चालत नाही. नवतपा नुकताच सरलेला असतो. पहाटेचा वाराही गरमच असतो. डासांना हाकलण्यासाठी हात उचलायचा तोही जपून.

पूर्वेकडे थोडे फटफटले की पाण्यात काही राखी आकृती दिसू लागतात. दुर्बिणीतून पाहणारा हळूच आकडा सांगतो आणि दुसरा तो कागदावर लिहितो. केवळ 'तीन सारस' असे लिहून भागत नाही. त्यांत मोठे किती व लहान किती, हेही लिहायचे असते. पूर्ण वाढलेल्या सारसाचे डोके लाल असते. वर्षाच्या आतल्या पिलाचे डोके मात्र बदामी पिसांनी झाकलेले असते, म्हणून दोघांतील फरक ओळखता येतो. पिले दिसली तर गेल्या पावसाळ्यात एखादे घरटे सुखरूप पार पडले असा त्याचा अर्थ. मोठेच सारस दिसले आणि पिलू एकही नाही, तर आकडा चांगला असूनही ती काळजीची गोष्ट ठरते.

मोजणी एकाच वेळी का करतात, हेही समजून घेण्यासारखे आहे. समजा, एका जोडीने रात्र एका तलावावर काढली आणि सकाळी ती दुसऱ्या तलावावर गेली. दोन्ही ठिकाणी निरनिराळ्या दिवशी मोजले, तर दोनांचे चार होतील. सगळी पथके एकाच वेळी बसली आणि प्रत्येकाने सारस केव्हा आले व कोणत्या दिशेने उडाले ते टिपले, म्हणजे नंतर कागद शेजारी ठेवून ही चूक काढता येते. नदीच्या पलीकडे मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा आहे. सारसाला राज्याची सीमा ठाऊक नसते. तो सकाळी महाराष्ट्रात चरतो आणि सायंकाळी मध्य प्रदेशात विसावतो. म्हणून बालाघाटची माणसेही त्याच सुमारास आपल्या काठावर मोजणी करतात.

या कष्टांना काही वर्षे चांगले फळ आले. चारांवरून संख्या वाढत वाढत २०२० च्या सुमारास गोंदिया जिल्ह्यात चाळिशीपलीकडे गेली. मात्र त्यानंतरच्या मोजण्यांत ती पुन्हा उतरत गेली. याचे एक मोठे कारण विजेच्या तारा. सारसाच्या पसरलेल्या पंखांची रुंदी आठ फुटांच्या आसपास असते आणि शरीर जड असल्यामुळे त्याला उडताना एकाएकी वळता येत नाही. धुक्यात तार दिसली नाही की तो तिच्यावर आदळतो. तारांना आवरण घालणे, त्यांवर दुरून दिसतील अशा चकत्या लावणे किंवा तारा जमिनीखालून नेणे हे त्यावरचे उपाय आहेत. पण त्यांना पैसा व वेळ लागतो. दुसरे कारण पिकावर फवारलेली विषारी औषधे. तिसरे कारण तलावांचे झालेले दुर्लक्ष.

या तलावांपैकी पुष्कळांना 'मामा तलाव' म्हणतात. त्यात कोणाच्या मामाचा संबंध नाही! 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांची पहिली अक्षरे घेऊन ते नाव झाले आहे. तलाव बांधण्यात निष्णात असलेल्या कोहळी समाजाने व इतरांनी ते शतकांपूर्वी बांधले. पुढे ते मालगुजारांकडे होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली व तलाव सरकारकडे आले. दर उन्हाळ्यात गाळ काढण्याची जुनी रीत त्यानंतर मागे पडली. काठाने बेशरम नावाची झुडपे माजली आणि सारस ज्यांचे कंद खातो त्या पाणवनस्पती नाहीशा होऊ लागल्या. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील काही गावांत ढीवर स्त्रीपुरुषांनी स्वतः चिखलात उतरून ही बेशरम मुळासकट काढली आणि तेथे पूर्वीच्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या. त्यांना हवे होते मासे. पण वनस्पतींबरोबर मासे आले आणि माशांबरोबर पाखरेही आली.

मोजणीच्या दिवशी ऊन चढू लागले की पथके उठतात आणि कागद एकत्र केले जातात. कोणाच्या कागदावर दोन असतात, कोणाच्या पाच. एखाद्या पथकाला मात्र सकाळभर बसूनही सारस दिसलेला नसतो. अशा वेळी कागद कोरा ठेवायचा नाही, त्यावर ठिकाणाचे नाव व वेळ लिहून पुढे शून्य मांडायचे, असा नियम आहे. कोरा कागद पाहून तेथे कोणी गेलेच नव्हते की पक्षी नव्हता, हे पुढे कोणाला कळणार नाही. आणि पुढल्या जूनमध्ये त्या तलावाच्या पाळीवर पुन्हा एक पथक पहाटे जाऊन बसते.