बारा अक्षरांचे बारसे

मूल जन्माला आले की बाराव्या दिवशी आपण त्याचे बारसे करतो. गाण्याचे बारसेही बारा अक्षरांनी होते, हे मात्र मला ठाऊक नव्हते. ते कळले मावशीमुळे.

मावशीने तुकोबांचा एक अभंग दोनदा ध्वनिमुद्रित केला होता. एकदा विशीत, कॅसेटवर, आणि पुन्हा साठी उलटल्यावर. ती गेल्यानंतर मावसबहिणीने दोन्ही मुद्रणे इंटरनेटवर ठेवली. अर्जात ‘आयएसआरसी’ असा एक रकाना होता. अभंग एक, तेव्हा क्रमांकही एकच, असा सरळ हिशेब करून तिने दोन्हीकडे तोच क्रमांक लिहिला. परिणाम काय, तर विशीतल्या मावशीवर बोट ठेवावे आणि साठीतल्या मावशीने गावे!

“दादा, आईचा तो कोवळा आवाजच हरवला रे,” बहीण रडवेली होऊन म्हणाली.

मग मी या प्रकरणात शिरलो. १९८६ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून आलेला हा क्रमांक गीताचा नव्हे, ध्वनिमुद्रणाचा असतो. आरंभीची दोन अक्षरे मूळची देशाची खूण, भारताची ‘आयएन’. पुढची तीन नोंदणी करणाऱ्याची, मग सालाचे दोन अंक आणि शेवटी पाच अंकी अनुक्रम. तेच गाणे पुन्हा गायले की नवा क्रमांक! गाणे कुठे किती वाजले आणि मानधन कोणाला द्यायचे, हा हिशेबही याच क्रमांकाच्या आधाराने लागतो.

मग वेष्टनावरच्या त्या काळ्या उभ्या रेघा कशाला? तो बारकोड. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेत, ओहायोतल्या ट्रॉय गावी, च्युइंग गमच्या पुड्यावरचा असा कोड दुकानात प्रथम यंत्राने वाचला. तो विक्रीच्या मालाचा असतो. तीच गाणी सीडीवर आली आणि एलपीवरही आली, तर बारकोड दोन. पण प्रत्येक मुद्रणाचा आयएसआरसी तोच. फराळाच्या भाषेत सांगायचे, तर बारकोड ही डब्यावरची चिठ्ठी आणि आयएसआरसी ही आतल्या एकेका लाडवाची!

ही धडपड नवी नाही. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांनी तबकडीसाठी गायन केले आणि शेवटी स्वतःचे नाव इंग्रजीत खणखणीत उच्चारले. तबकड्या तयार होत जर्मनीत, हॅनोवरला. तिथल्या परक्या कारागिरांना आवाज कोणाचा हे कळावे, म्हणून ही युक्ती, असे सांगतात. आज गायिकेच्या वतीने तेच काम बारा अक्षरे करतात.

आम्ही दुसऱ्या मुद्रणासाठी नवा क्रमांक घेतला आणि नोंद दुरुस्त केली. परवा पहाटे बहिणीचा फोन आला. ती काही बोललीच नाही. नुसता फोन गाण्याजवळ धरला.

विशीतली मावशी गात होती.