छंद रानफुलांचा

छंद कितीतरी प्रकारचे असतात. कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी जुनी नाणी, कोणी काड्यापेटीचे छाप. या छंदांना थोडेफार पैसे लागतात, नाहीतर शहरातला एखादा मामा तरी लागतो. आमच्या सातवीच्या वर्गाने यंदा जो छंद धरला आहे त्याला फक्त शाळेमागचा सडा लागतो आणि रविवारी अर्धा तास घरच्या कोणाचा तरी मोबाईल. (पालकांनी हे वाक्य कृपया दोनदा वाचावे.) रानफुले ओळखायची आणि त्यांचे फोटो काढायचे, असा हा छंद आहे.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, फुलं तर रोज दिसतात, त्यात ओळखायचं काय? मग तेरडाच घ्या. श्रावण-भाद्रपदात बांधाबांधावर गुलाबी तेरडा असतो, तो कोणीही सांगेल. पण याच तेरड्याचा एक भाऊबंद ओल्या गवतात उगवतो. फूल तसेच गुलाबी. नुसते फूल खुडून आणले तर दोन्ही तेरडेच वाटतील. फरक आहे तो पानात. नेहमीच्या तेरड्याची पाने एकाआड एक येतात, त्या दुसऱ्याची समोरासमोर जोडीने येतात. शास्त्रज्ञांनी त्याला नावच ‘इम्पेशन्स ऑपोझिटिफोलिया’ असे दिले, म्हणजे समोरासमोर पानांचा तेरडा. आणि ‘इम्पेशन्स’चा अर्थ माहीत आहे? उतावीळ! तेरड्याची पिकलेली बोंडे बोट लागताच फटकन फुटतात आणि बी लांब उडते, म्हणून हे नाव. ही दोन-दोन शब्दांची नावे देण्याची पद्धत स्वीडनच्या लिनियस या शास्त्रज्ञाने 1753 साली आपल्या ग्रंथात सगळ्या वनस्पतींना लागू केली. नावे लांबलचक वाटतात, पण त्यांचा एक फायदा असतो. आपल्याकडे दर दोन मैलांवर फुलाचे नाव बदलते. शास्त्रीय नाव सगळीकडे एकच.

म्हणून फोटो काढताना नुसत्या फुलाचा काढू नये. फुलाचा जवळून काढलेला फोटो दिसतो फार सुंदर, पण ओळख पटवायला तो एकटा पुरत नाही. एका झाडाचे निदान चार फोटो हवेत. पहिला पूर्ण झाडाचा, ते कुठे उगवले आहे ते दिसेल असा. दुसरा पानांचा, देठाला ती कशी जोडली आहेत हे दाखवणारा. पान उलटून त्याची मागची बाजूही घ्यावी, पुष्कळदा लव मागेच असते. तिसरा फुलाचा समोरून आणि बाजूनेही, कारण तेरड्याची वाकडी शेपटी समोरून दिसतच नाही. चौथा शेंग किंवा बोंड असेल तर त्याचा. शेजारी रुपयाचे नाणे किंवा आगकाडी ठेवावी, म्हणजे फूल केवढे ते कळते.

आता मोबाईल. आधी त्याची काच सदऱ्याच्या कोरड्या टोकाने पुसावी, तिच्यावर बहुतेक वेळा भाकरीचे तेलकट बोट उमटलेले असते. सकाळचे ऊन चांगले. दुपारच्या उन्हात पांढरी आणि पिवळी फुले नुसती चुन्यासारखी दिसतात, पाकळीवरची रेघ कळत नाही. तेव्हा छत्रीची सावली धरावी. फुलापासून साधारण वीतभर अंतर ठेवावे. त्याहून जवळ गेले तर पुष्कळ मोबाईलमध्ये चित्र धूसर येते. पडद्यावर फुलाच्या जागी बोट टेकवले की तेवढा भाग स्पष्ट होतो. तरीही मोबाईल मागचे गवतच स्पष्ट दाखवत बसला तर फुलामागे वही उभी धरावी. वारा असेल तर थांबावे. वारा पडेपर्यंत फुलावर कोणता किडा येतो ते पाहता येते, आणि तीही नोंदच आहे.

सड्यावर ‘सीतेची आसवे’ नावाचे फूल येते. जांभळट निळे, करंगळीच्या नखाएवढे. उभ्याने पाहिले तर नुसती निळी चादर पसरलेली दिसते. फोटोसाठी पोटावर झोपावे लागते, त्यामुळे कपडे चिखलाने भरतात. (आईने रागावू नये.) हे इवलेसे झाड मांसाहारी आहे! खरी मुळे त्याला नाहीत. ओल्या मातीत त्याच्या बारीक बारीक पिशव्या असतात. पाण्यातला सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडाशी आला की डोळ्याची पापणी लवायच्या आत ती त्याला पाण्यासकट आत ओढून घेते. सड्यावरची माती पातळ आणि निकस, तिच्यात पोट भरत नाही, म्हणून ही युक्ती. कातळावर माती कुठे कुठे बोटभरच असते. तिच्यावर आपण धावलो किंवा मोटारसायकल नेली तर माती निघून जाते, आणि पुढच्या पावसात तिथे काही उगवत नाही. आपण फोटोसाठी झोपतो तेही कातळावर, फुलांवर नाही.

आता महत्त्वाची गोष्ट. कळलावी सगळ्यांना ठाऊक आहे. गौरीच्या दिवसांत कुंपणावर चढते, फूल आधी हिरवट पिवळे आणि मग लालभडक होते, ज्वाळेसारखे. काही जण तिला गौरीचे हात म्हणतात. पण फूल सरले की वेल वाळते आणि जमिनीत राहतो तो तिचा कंद, नांगराच्या आकाराचा. संस्कृतात तिला लांगली म्हणतात ते त्यावरूनच. हा कंद जहाल विषारी आहे. खाण्याचा कंद समजून तो खाल्ल्याने माणसे दगावलेली आहेत. आपली गुरे राखणारी पोरं रानात कंद उकरून खातात, हे आपण सगळे जाणतो. कळलावीची एक खूण पक्की लक्षात ठेवा. तिच्या पानाचे टोक तणाव्यासारखे वळलेले असते आणि त्यानेच ती आधाराला धरते. पण वेल वाळल्यावर ती खूण राहत नाही, म्हणून अनोळखी कंद तोंडात घालूच नये. कोणी खाल्लाच तर घरगुती उपाय करत बसू नये, ताबडतोब दवाखान्यात न्यावे आणि उरलेला तुकडा बरोबर न्यावा. आमच्या वहीत कळलावीच्या पानाला लाल पेन्सिलीने चौकट केली आहे.

वहीत प्रत्येक फोटोसाठी तारीख, जागा, जमीन कशी (ओली, कातळ, झाडाखाली) आणि घरात त्याला काय म्हणतात एवढे लिहितो. तारखेचे महत्त्व कारवीने कळते. कारवी साधारण सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि फुलून मरते. म्हणजे पहिलीत असताना कारवी फुललेली पाहिली तर पुन्हा पाहायला सातवी संपवावी लागेल. या दोन फुलोऱ्यांच्या मधली नोंद कोणी ठेवायची? अर्थात शाळेने, म्हणून ही वही दर वर्षी पुढच्या सातवीकडे जाईल.

मोबाईलमध्ये फोटो दाखवला की नाव सांगणारी ॲपही मिळतात. आम्ही वापरतो, पण ती बागेतल्या फुलांत पटाईत आणि रानफुलांत पुष्कळदा गोंधळलेली असतात. त्यांचे उत्तर पेन्सिलीने लिहावे, पेनने नको. सह्याद्रीच्या फुलांवर चांगली पुस्तके आहेत. पुण्याचे श्रीकांत इंगळहळीकर हे शिक्षणाने इंजिनियर, पण हौसेने डोंगर हिंडून फुलांचे फोटो काढत राहिले आणि 2001 साली त्यांचे ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ निघाले. साताऱ्याजवळचे कास पठार 2012 साली जागतिक वारसा यादीत गेले, तेही मुख्यतः फुलांमुळेच. तिथे पाहायला लोक दुरून येतात. त्यातली सोनकी, तेरडा, सीतेची आसवे आपल्या सड्यावरही आहेत, त्यासाठी तिकीट नाही.

मात्र खरी मदत आजीआजोबांचीच होते. आमच्या वहीत आजवर एकतीस फुले झाली. त्यातली बारा नावे पुस्तकातून मिळाली, बारा घरच्या म्हाताऱ्या माणसांकडून. बाकी सात अजून बिननावाची आहेत. त्यांचे फोटो गुरुजींनी छापून आणले, ते या कागदाच्या खाली चिकटवले आहेत. खिळ्याला दोरीने पेन्सिल बांधली आहे. ज्या पालकांना नाव माहीत असेल त्यांनी फोटोखाली लिहावे. लिहिता येत नसेल तर सातवीच्या वर्गात येऊन सांगावे, आम्ही लिहून घेऊ.