एक किलोचा पिस्टन, तीनशे वीस किलोचा ठोका

पिस्टन १ किलोचा, स्ट्रोक २० मिलिमीटरचा, मिनिटाला ३,००० फेऱ्या. हालचाल लंबकासारखी धरली, तर यातून कमाल ९८७ न्यूटन, म्हणजे सुमारे १०० किलो वजनाइतके बळ मिळते. हाच पिस्टन त्या हालचालीतल्या कमाल वेगाने तळावर आपटला आणि १ मिलिसेकंदात थांबला, तर ठोक्याचे सरासरी बळ ३,१४० न्यूटन, म्हणजे ३२० किलोवर जाते. हॉपरमध्ये, म्हणजे माल साठवून खालून सोडणाऱ्या नरसाळ्याच्या टाकीत, अडकलेला माल सोडवणाऱ्या, हवेवर चालणाऱ्या पिस्टन व्हायब्रेटरचे दोन मुख्य प्रकार या दोन आकड्यांत आले.

पहिल्या प्रकारात पिस्टन दोन्ही टोकांना हवेच्या गादीवर थांबतो. धातूला धातू लागत नाही. सहज घसरणाऱ्या पुडीला तो पुरतो. दुसऱ्यात पिस्टन आदळतो. ओली वाळू किंवा चिकट माती ठोक्याशिवाय पत्रा सोडत नाही. कोल्हापूरकडच्या फाउंड्रीत पॅटर्न वाळूतून सोडवतानाही पिस्टन व्हायब्रेटर वापरतात, पण तिथे तो लहान असतो आणि काम सेकंद-दोन सेकंदांचे.

ठोक्याची किंमत आवाजात मोजावी लागते. आपल्याकडच्या कारखाना नियमांत ९० डेसिबलला ८ तास, १०० ला २ तास आणि १०५ ला १ तास एवढीच मुभा आहे. रिकामा हॉपर ठोक्याने घंटेसारखा वाजतो, हे ज्याने ऐकले आहे त्याला हा तक्ता पाठ करावा लागत नाही.

हवेच्या गादीवरच्या पिस्टनचे बळ वेगाच्या वर्गाने बदलते. ३,००० फेऱ्यांच्या १,५०० केल्या की ९८७ न्यूटनचे २४७ उरतात: वेग निम्मा, बळ चौथाई.

निवडीचा ठोकताळा असा, की हॉपरच्या उतरत्या भागात जेवढा माल, त्याच्या एक दशांश बळ. नरसाळ्यात ३ टन सिमेंट असेल तर ३०० किलो. चूक होते ती इथे. सायलो ३० टनांचा म्हणून हिशेब ३ टन बळाचा धरला, तर माल सुटण्याआधी पत्र्याला तडा जातो. व्हायब्रेटर पत्र्यावर थेट बसवत नाहीत. आधी चॅनेल, त्यावर व्हायब्रेटर, आणि चॅनेलचे वेल्डिंग तुटक, टोके मोकळी सोडून. जागा उताराच्या खालच्या एक तृतीयांशात.

आता बिल. मिनिटाला ३०० लिटर मोकळी हवा घेणाऱ्या व्हायब्रेटरसाठी कंप्रेसरला साधारण २ किलोवॅट लागतात. तो दिवसरात्र चालला तर महिन्याला १,४४० युनिट. युनिटला ८ रुपये धरून ११,५२० रुपये, वर्षाला १ लाख ३८ हजार. टायमर लावून दर अर्ध्या मिनिटाला ५ सेकंद चालवला तर हाच वर्षाचा खर्च २३ हजार. असे दहा व्हायब्रेटर असतील तर फरक साडेअकरा लाखांचा. कॅटलॉग चाळताना सगळे बळाचा रकाना बघतात. माझ्या मते टायमर आधी बघावा.

टायमर असूनही फसगत होते. खालचा गेट बंद असताना व्हायब्रेटर चालला, तर माल खाली येत नाही, उलट दाबून बसतो. काँक्रीट भरताना व्हायब्रेटर नेमके हेच करतो. म्हणून हवेचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह गेटशी जोडावा लागतो. तो जोडलेला नसला की कामगार घण उचलतो. प्रत्येक घावाचा पोचा आतल्या बाजूला उंचवटा होतो, पुढचा माल त्याच उंचवट्यावर अडतो आणि घाव वाढत जातात. हॉपर कसा चालवला गेला, हे त्याच्या बाहेरच्या पत्र्यावर वाचता येते.

व्हायब्रेटरच्या मफलरकडे कोणी पाहत नाही. तेल-धुळीने तो तुंबला की वापरलेली हवा बाहेर पडत नाही आणि पिस्टन मंदावतो. वेग १० टक्क्यांनी घटला, स्ट्रोक तोच राहिला, तर गादीवरच्या पिस्टनचे बळ १९ टक्के घटते. अशा वेळी पहिली तक्रार येते ती व्हायब्रेटर लहान पडल्याची, आणि मोठ्याची ऑर्डर जाते.