तळहाताएवढा व्हॉल्व्ह आणि थांबलेल्या हजारो मोटारी

सायकलवरून उतारावर सुसाट निघालात आणि एकदम करकचून ब्रेक दाबलात, तर काय होतं? सगळा भार पुढे येतो आणि मागचं चाक हलकं पडतं. मोटारीचंही तसंच. मागच्या चाकांवर भार कमी, पण ब्रेकचा जोर मात्र तेवढाच! मग ती चाकं फिरायची थांबतात, रस्त्यावर नुसती घसरतात आणि गाडी गर्रकन वळू शकते. म्हणून मागच्या ब्रेककडे जाणाऱ्या तेलाचा दाब आवरायला पूर्वीच्या मोटारींत एक छोटा भाग बसवत. त्याचं नाव पी-व्हॉल्व्ह. तळहातावर सहज मावेल एवढाच तो.

आणि या एवढ्याशा व्हॉल्व्हपायी 1997 साली टोयोटा ही जपानची सगळ्यात मोठी मोटार कंपनी ठप्प झाली!

झालं असं. 1 फेब्रुवारीच्या पहाटे कारिया शहरात आयसिन सेइकी या कंपनीच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाला लागणाऱ्या दर 100 पी-व्हॉल्व्हपैकी 99 इथेच बनत. ते बनवणारी खास यंत्रं, खास ड्रिल, सगळं जळालं.

‘मग गोदामातले वापरायचे!’ असं तुम्ही म्हणाल. पण गोदामात ते फारसे नव्हतेच. टोयोटाचे इंजिनिअर ताइइची ओनो यांना अमेरिकेतल्या सुपरमार्केटची रीत फार आवडली होती. गिऱ्हाइकाने फळीवरून जेवढा माल उचलला, तेवढाच पुन्हा आणून ठेवायचा. त्यांनी कारखान्यातही तेच केलं. भाग हवा तेव्हाच आणि हवा तेवढाच मागवायचा. यात जागा वाचते, पैसा वाचतो, खराब भाग लगेच लक्षात येतो. मला ही पद्धत खरोखर सुंदर वाटते. पण सगळे व्हॉल्व्ह एकाच छपराखाली बनत असतील, तर तीच अंगाशी येते. दोन-तीन दिवसांत टोयोटाचे जपानमधले जवळजवळ सगळे कारखाने थांबले. एरवी तिथे दिवसाला चौदा-पंधरा हजार गाड्या तयार होत!

आता आयसिनने काय केलं ते ऐका, कारण मला सांगायचंय ते हेच. कंपन्या आपल्या वस्तूंचे नकाशे जिवापाड जपतात. आयसिनने मात्र आग लागली त्याच दिवशी मदतीची हाक दिली आणि जो मागेल त्याला व्हॉल्व्हचे नकाशे देऊन टाकले. टेलिफोनच्या जादा लाइनी घेतल्या. ‘अमुकच यंत्रावर करा’ असा हट्ट धरला नाही. तुमच्याकडे जे यंत्र आहे त्यावर करून बघा, अडलं तर विचारा, आणि तुम्हाला सुचलेली युक्ती इतरांनाही कळू द्या!

साठेक कंपन्या कामाला लागल्या, शिवाय त्यांना मदत करणाऱ्या कितीतरी छोट्या कार्यशाळा. पैसे किती मिळणार, यावर कोणी घासाघीस करत बसलं नाही. शिलाई यंत्रं बनवणारी ब्रदर कंपनीसुद्धा त्यात होती. तिने याआधी मोटारीचा भाग कधीच केला नव्हता! काम सोपं नव्हतं. व्हॉल्व्हमधली भोकं फार नेमकी पाडावी लागतात. जराशी चूक, की ब्रेकचा भरवसा संपला. तरीही आगीनंतर 85 तासांनी पहिले चांगले व्हॉल्व्ह हातात आले. ते एका छोट्या कंपनीने बनवले होते. आठवडाभरात बहुतेक कारखाने पुन्हा धडधडू लागले.

दहा वर्षांनी, जुलै 2007 मध्ये, काशिवाझाकीजवळ मोठा भूकंप झाला. तिथल्या रिकेन कंपनीत इंजिनाच्या पिस्टनवर बसणाऱ्या कड्या बनत. यंत्रं कलंडली आणि जपानभरच्या मोटार कंपन्या अडल्या. तेव्हा टोयोटा, होंडा, निसान यांची माणसं तिथे धावली. एरवी बाजारात एकमेकींशी चुरस करणाऱ्या या कंपन्या! पण त्यांनी मिळून यंत्रं सरळ उभी केली, आणि आठवड्याभरात कड्या पुन्हा बनू लागल्या.