मों ब्लांचा 'प्रथमजात' पाषाण

फ्रान्स व इटली यांच्या सीमेवरील मों ब्लां हे आल्प्स पर्वतातील सर्वोच्च शिखर हिमाच्छादित आहे. परंतु शामोनीच्या खोऱ्यावर ओळीने उभे असलेले त्याच्या शेजारचे सुळके उघड्या ग्रॅनाइटचे आहेत. या ग्रॅनाइटला जिनीव्हाचे वैद्य व निसर्गाभ्यासक लुई ज्युरिन यांनी १८०६ साली 'प्रोटोजिन', म्हणजे प्रथमजात, असे नाव दिले. पृथ्वीवर सर्वांआधी हाच खडक जन्मला, अशी तेव्हाची समजूत होती.

नाव रूढ झाले, समजूत मात्र टिकली नाही. या खडकाला आपल्या कुशीत घेणारा पट्टिताश्म त्याच्याहून जुना आहे. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी तप्त शिलारस भूपृष्ठाखाली त्या जुन्या खडकांत घुसला आणि तेथेच सावकाश निवत गेला. अशा खडकाला भूवैज्ञानिक अंतर्वेशी म्हणतात. निवण्यास भरपूर अवधी मिळाल्यामुळेच त्यातील फेल्स्पारचे स्फटिक बोटाच्या पेराएवढे वाढू शकले. त्या वेळी आजचा आल्प्स अस्तित्वातच नव्हता. पुढे कोट्यवधी वर्षांनी भूखंडांच्या रेट्याने तो उचलला जाऊ लागला, तेव्हा हा ग्रॅनाइट दाबला गेला, चिरफाळला. क्लोराइट या खनिजामुळे त्याला हिरवट छटाही आली.

त्या चिरांतून वाहणाऱ्या उष्ण पाण्याने धुरकट क्वॉर्ट्झ आणि तांबूस फ्ल्युओराइट यांचे देखणे स्फटिक घडविले. ते शोधून विकणे हा शामोनीकरांचा जुना, जिवावरचा धंदा. ८ ऑगस्ट १७८६ रोजी डॉ. पाकार यांच्यासमवेत मों ब्लांच्या माथ्यावर प्रथम पोहोचलेला जाक बाल्मा हा असाच एक स्फटिकशोधक होता.

उंचावरील चिरांत मुरलेले बर्फ खडकाला चुन्यासारखे सांधून धरते. हवा तापू लागली की हा सांधा सैल होतो. प्ती द्र्यू या सुळक्याचा जो खांब वॉल्टर बोनाती यांनी ऑगस्ट १९५५ मध्ये एकट्याने चढून सर केला, तो जून २००५ मध्ये कोसळला. अडीच लाख घनमीटरांहून अधिक खडक खाली आला. नव्याने उघडा पडलेला ग्रॅनाइट फिकट करडा दिसतो व शतकानुशतके उघड्यावर राहिला की तांबूस होतो. म्हणून कड्यावरील रंगांवरून कोणती दरड जुनी आणि कोणती नवी, याचा अंदाज आता अभ्यासक बांधतात.