विश्लेषण : एकाच नावाच्या दोन गिटार हाताला वेगळ्या का लागतात?

धामणकर नाक्यावर चहा घेता घेता मोबाइलवरून इलेक्ट्रिक गिटार मागवता येते. रंग, पिकअप, किंमत सगळे पडद्यावर दिसते. दिसत नाही ती नेकची पाठ. डाव्या हाताचा अंगठा मात्र सगळा वेळ तिथेच टेकलेला असतो.

‘सी’, ‘व्ही’, ‘डी’ म्हणजे काय?

सतारीत जिला दांडी म्हणतात, ती गिटारची नेक. काकडीसारखी ती आडवी कापली, तर जो आकार दिसेल त्याच्याशी जुळणारे इंग्रजी अक्षर तिला देतात. ‘सी’ गोलसर, ‘डी’ची पाठ सपाट, ‘यू’ भरदार, ‘व्ही’ला मध्ये कणा.

फेंडरची स्ट्रॅटोकास्टर १९५४ मध्ये आली. १९५७च्या सुमाराच्या अनेक स्ट्रॅट ‘व्ही’ नेकच्या आहेत. एरिक क्लॅप्टनच्या नावाच्या मॉडेललाही सौम्य ‘व्ही’च आहे. आजच्या ‘प्लेअर’ मालिकेत ‘मॉडर्न सी’, तर २०१९च्या ‘अमेरिकन अल्ट्रा’त ‘मॉडर्न डी’. नाव एकच, हाताला मात्र तीन वेगळी वाद्ये. गिब्सनने तर २०१९ मध्ये लेस पॉल स्टँडर्डच्या ‘फिफ्टीज’ आणि ‘सिक्स्टीज’ अशा दोन आवृत्त्याच काढल्या. पहिलीची नेक जाड, दुसरीची सडपातळ.

पुढची बाजू सपाट असते का?

नाही. फ्रेटबोर्डला बाक असतो, त्याला रेडियस म्हणतात. जुन्या स्ट्रॅटचा रेडियस ७.२५ इंच, हल्लीच्या बहुतेकांचा ९.५. आकडा लहान, तितका बाक जास्त. जास्त बाकावर कॉर्ड धरणे सोपे. पण तारा खाली बसवल्या असतील, तर वरच्या फ्रेटवर तार खेचताना सूर मध्येच दबतो.

घेण्याआधी काय पाहावे?

लहान हाताला पातळच नेक हवी, हा समज अर्धाच खरा. फार पातळ नेकवर पंजाला आधार मिळत नाही आणि काहींचा अंगठा लवकर दुखतो. फिनिशही विचारावे. पावसाळी दमटपणात चकचकीत नेक घामाने चिकटते, सॅटिनवर हात सरकतो. भिवंडीच्या पावसाळ्यात हा मुद्दा अक्षरांहून मोठा ठरू शकतो.

वेळ असेल तर कल्याणहून लोकलने सीएसएमटी गाठून धोबी तलावच्या वाद्यांच्या दुकानात जावे. दहा मिनिटे ‘एफ’चा बार कॉर्ड धरून पाहावा. अंगठ्याच्या बुडाशी कळ आली, तर दुसरी नेक मागावी.