दसरा उलटला की पेंढारी निघत

कामठीची छावणी इंग्रजांनी १८२१ साली कन्हान नदीच्या काठी वसवली. आज तिथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं प्रशिक्षण केंद्र आहे. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला आणि त्यानंतर नागपूरवर कायमची नजर ठेवण्यासाठी ही जागा निवडली गेली, एवढं आपण शाळेत शिकतो. पण कंपनीची फौज मुळात या मुलखात शिरली ती दुसरंच कारण सांगत. मे १८१६ मध्ये नागपूरकरांशी तैनाती फौजेचा करार झाला, तेव्हा नर्मदेकडून येणाऱ्या पेंढाऱ्यांचा बंदोबस्त हा त्यातला मोठा मुद्दा होता.

पेंढारी हे मुळात मराठी फौजांच्या मागून चालणारे बिनपगारी घोडेस्वार. शत्रूचा मुलूख लुटायचा, त्यावर पोट भरायचं आणि या परवानगीबद्दल सरदाराला ‘पालपट्टी’ भरायची. शिंद्यांचे ते शिंदेशाही, होळकरांचे ते होळकरशाही. त्यांत हिंदू होते, मुसलमान होते, पठाण होते. एकेका दरबारावर तैनाती फौज लादली गेली, तशा जुन्या पागा मोडल्या. रोजी गेलेल्या स्वाराजवळ घोडा आणि भाला एवढंच उरलं आणि तो पेंढाऱ्यांत जाऊन मिळाला. अशी ही संख्या वीस ते तीस हजारांवर गेली.

त्यांचा हिशेब पावसाळ्याशी बांधलेला असे. दसरा झाला की घोड्यांना नाल ठोकायचे आणि नर्मदेला उतार पडला की दक्षिणेकडे सुटायचं. आपण सोनं लुटून सीमोल्लंघन करतो ते याच दिवसांत; त्या काळच्या वऱ्हाड-नागपूरच्या कुणब्याला मात्र दसऱ्यानंतर उत्तरेकडची धूळ पाहून धडकी भरत असे. हजार माणसांत चारेकशे चांगले घोडेस्वार, त्यांच्या हातात लांब बांबूचे भाले, पंधरा-वीस जणांमागे एखादी बंदूक, बाकीचे तट्टांवर. राहुट्या नाहीत, तोफा नाहीत, सामान नाही. दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर सहज कापायचे. समोर फौज दिसली की पांगायचं, लढाई टाळायची. म्होरक्या असे तो स्वारीपुरता.

याची किंमत रयतेने मोजली. १८१६ च्या मार्चमध्ये गुंटूरच्या बाजूला ते जेमतेम दहा-बारा दिवस होते. तेवढ्यात ३३९ गावं लुटली गेली, १८२ माणसं मेली, ५०५ जखमी झाली आणि ३,६०३ जणांचा छळ झाला. घोड्याच्या तोबऱ्यात गरम राख भरून तो माणसाच्या तोंडाला बांधायचा आणि पुरलेला पैसा कुठे आहे ते विचारायचं, ही त्यांची रीत. पेंढाऱ्यांना रानचे राजे म्हणून रंगवणाऱ्या गोष्टी वाचताना मला हा तोबरा आठवतो.

हलकेपण हेच ज्यांचं बळ, त्या टोळ्या वाढल्या तेव्हा त्यांच्या नायकांना जड होण्याचा मोह पडला. त्याची पहिली खूण नागपुरातच दिसते. हिरू आणि बुऱ्हाण हे दोघे पेंढारी नायक, सख्खे भाऊ, आधी भोपाळच्या दारात गेले. तिथे कोणी ठेवून घेईना, म्हणून नागपूरच्या रघूजी भोसल्यांकडे आले. रघूजींनी त्यांना भोपाळचाच मुलूख उजाड करायला पाठवलं. लूट घेऊन ते परतले, तेव्हा त्यांनाच लुटलं गेलं. बुऱ्हाण कैदेत मेला. हिरू दौलतराव शिंद्यांकडे पळाला आणि बुऱ्हाणपुरात वारला.

पुढच्या पिढीत चितू आणि करीमखान ही दोन नावं मोठी झाली. चितू मेवातकडचा, दुष्काळात लहानपणी विकला गेलेला. विकत घेणाऱ्या पेंढाऱ्यानेच त्याला मुलगा मानलं. शिंद्यांनी दोघांनाही नवाब केलं, जहागिरी दिल्या. करीमखानाने तर शिंद्यांच्या भेटीसाठी सव्वा लाख रुपयांची रास घालून तिच्यावर भरजरी कापड अंथरलं आणि त्या गादीवर त्यांना बसवून ती नजर केली. माझ्या मते त्याचा घात त्या गादीवरच ठरला. एवढा पैसा पाहिलेला मालक चाकराला मोकळा कसा ठेवील? गोडीगुलाबीने बोलावून शिंद्यांनी त्याला पकडलं आणि ग्वाल्हेरच्या किल्ल्यात टाकलं. काही वर्षांनी सहा लाख रुपये मोजून तो सुटला.

सुटल्यावर त्याने चितूशी हात मिळवला. एका दसऱ्याला दोघांचे मिळून पंचवीस हजारांच्या आसपास लोक जमले. एवढा जमाव पेंढाऱ्यांनी पूर्वी कधी एकत्र पाहिला नसेल. करीमखान म्हणाला, नागपूर लुटू. चितू अडला. भोसल्यांनी त्याला आधीच जहागीर देऊन बांधून घेतलं होतं. ज्या शहराने बुऱ्हाणला कैदेत मारलं, तेच या वेळी एका सनदेवर वाचलं. मेळ तुटला, चितू शिंद्यांच्या फौजेला मिळाला आणि करीमखानाचा मोड झाला. पंचवीस हजारांना पोटापुरती लूट हवी होती, नायकांना मात्र गादी. दोघांना पुरेल असा एकही डाव कोणाजवळ नव्हता. शिवाय जहागीर आली की ठिकाण आलं, बायकामुलं आणि खजिना एका जागी आला. शत्रूला नेमकं कुठे जायचं ते कळलं.

गव्हर्नर-जनरल लॉर्ड हेस्टिंग्जने १८१७ मध्ये लाखावर फौज चारी बाजूंनी आणली, तेव्हा एकेक जण वेगळा फुटला. पठाण सरदार अमीरखानाने नोव्हेंबरमध्येच तह केला आणि टोंकचा नवाब झाला. करीमखान फेब्रुवारी १८१८ मध्ये इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन झाला. त्याला गोरखपूरकडे जमीन मिळाली. हिरूच्या मुलाने, वासिल महंमदाने, गाझीपूरला नजरकैदेत विष घेतलं.

चितू शरण गेला नाही. इंग्रजांच्या कैदेतून निसटलेले आप्पासाहेब महादेवाच्या डोंगरात होते; तो त्यांना जाऊन मिळाला. १८१९ मध्ये अशीरगडाजवळच्या रानात एकटा फिरत असताना त्याला वाघाने मारलं. घोडा खोगिरासकट चरताना सापडला. खोगिरात अडीचशे रुपये होते, शिक्क्याच्या काही अंगठ्या होत्या आणि पुढे बक्षीस देऊ असं कबूल करणारी आप्पासाहेब भोसल्यांची पत्रं होती.